हरवलेले ‘एस’

माझ्या शिकवणीत सगळ्यात जास्त कष्ट करणारी आणि सगळ्यात जास्त माझी बोलणी खाणारी विद्यार्थिनी एकच होती. दातांच्या लॅबमध्ये ती कारागीर होती. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे, आणि त्यावरून ती कवळ्या, कॅपा, एकेकटे दात घडवायची. सोळा वर्षं ती हेच करत होती. केसाएवढा उंचसखलपणा तिच्या बोटाला कळायचा. पण इंग्रजीच्या परीक्षेत ऐकण्याचा पेपर आला की बाई आपटायच्या.

त्या परीक्षेतला ऐकण्याचा भागच मी शिकवतो. शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर माझी खोली आहे. आठ खुर्च्या, एक फळा, कोपऱ्यात खिळ्याला टांगलेला स्पीकर. रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. ऐकता ऐकता रिकाम्या जागा भरायच्या: फोन नंबर, गल्लीचं नाव, किती वाजता, किती माणसं. चुकलं तर चुकलं, गाडी पुढे निघून गेलेली असते.

तिचा नवरा अडीच वर्षांपूर्वी परदेशी गेला होता, गोदीत वेल्डर म्हणून. तिला तिथे जाऊन स्वतःचं काम करायचं तर ही परीक्षा पास व्हायला हवी होती. ऐकण्यात नऊपैकी साडेसहा गुण लागायचे. पहिल्यांदा तिला सहा मिळाले. मग ती माझ्याकडे आली, चार महिने राबली, पुन्हा बसली. पुन्हा सहा.

तिच्या चुका मला तोंडपाठ झाल्या होत्या. ‘टिकेट्स’ला ‘टिकेट’, ‘रूम्स’ला ‘रूम’, ‘वीक्स’ला ‘वीक’. शेवटचा एस बाई गिळूनच टाकायच्या. मी म्हणायचो, “अहो, अनेकवचन आहे ते! दोन तिकिटं, दोन! पाचवीतली मुलं सांगतील.” ती मान खाली घालून वहीत लिहून घ्यायची. एकदा मी तिला शंभर अनेकवचनं लिहून आणायला सांगितली. तिनं दोनशे आणली, आणि त्यांत एकही चूक नव्हती. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही. मी म्हटलं, “बघा, मनावर घेतलं की जमतं,” आणि पुढच्या धड्याकडे वळलो.

तिसऱ्या प्रयत्नाला तीन महिने उरले असताना एका संध्याकाळी ती आली ती सासूला घेऊन. सासूबाई बाहत्तर वर्षांच्या, बारीक अंगाच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होत्या. त्यांच्या इमारतीत अजून त्यांना सगळे हॅलोबाई म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं.

“मास्तर, मला एक खुर्ची द्या,” त्या म्हणाल्या. “मी मागे बसेन. मध्ये बोलणार नाही.”

“काकू, तुम्ही कशाला त्रास घेता?”

“घरी बसून भिंतीशी बोलण्यापेक्षा बरं. आणि ही पोर दोनदा नापास झाली ती का, हे मला बघायचंय. तुमच्यावर माझा राग नाही. अजून तरी नाही.”

वर्ग हसला. सुनेनं कपाळाला हात लावला. मी खुर्ची दिली.

मध्ये बोलणार नाही म्हणालेल्या बाई पहिल्या पाच मिनिटांतच बोलल्या. रेकॉर्डिंगमध्ये एक बाई भाड्याच्या खोलीची चौकशी करत होती. हॅलोबाई पुटपुटल्या, “ही नाही घेणार खोली. नुसती टाइमपास करतेय.” आणि शेवटी त्या बाईनं खरंच खोली नाकारली. सगळे मागे वळून बघायला लागले.

मी गंमत म्हणून त्यांनाही उत्तरपत्रिका दिली. इंग्रजी त्यांना कामापुरतंच येत होतं. गोष्ट काय चाललीय, हे त्यांना अर्धंच कळायचं. पण आकडे आणि स्पेलिंगच्या दहा जागांपैकी त्यांनी नऊ बरोबर भरल्या. त्यांच्या सुनेनं पाच.

“काकू, कमाल आहे तुमची!”

“कमाल कसली? एकतीस वर्षं हेच केलं. पलीकडचा माणूस घाईत असायचा, कधी रडत असायचा, कधी नुसताच वैतागलेला असायचा. आपण नंबर तेवढा उचलायचा.” मग त्यांनी हात पुढे केला. “हिचा पेपर बघू.”

त्यांनी दोन्ही पेपर शेजारी शेजारी धरले आणि बराच वेळ बघत राहिल्या. गल्लीच्या नावात जिथे एफ होता तिथे सुनेनं एस लिहिलं होतं. पुढच्या ओळीत बरोबर उलटं. ‘थ्री’च्या जागी ‘फ्री’. आणि गिळलेले अनेकवचनांचे एस तर होतेच.

“मास्तर, हिचे जुने पेपर आहेत का?”

मी कपाटातून गठ्ठा काढून दिला. “घेऊन जा. पण काकू, ग्रामर कच्चं आहे त्यांचं, दुसरं काही नाही.”

“असेल,” त्या म्हणाल्या. तो ‘असेल’ मला तेव्हाच जरा खटकला होता.

चौथ्या दिवशी मला त्यांचा फोन आला. “मास्तर, उद्या दुपारी घरी या. ती सुट्टीवर आहे. चहा देईन. पण काम आहे.”

दोन खोल्यांचं घर होतं. स्वयंपाकघरात टेबल, टेबलावर ऑइलक्लॉथ, त्यावर माझा तो गठ्ठा. हॅलोबाईंनी प्रत्येक चुकीखाली पेन्सिलनं रेघ मारली होती आणि वहीच्या पानावर हिशेब मांडावा तसे चुकांचे रकाने पाडले होते. सून ओट्याशी उभी होती, काहीशी वैतागलेली. “सर, चार दिवस या मला मागून हाका मारतायत. वेड लागायची वेळ आलीय.”

“तू बस इथे,” सासूबाईंनी तिला खिडकीकडे तोंड करून खुर्चीवर बसवलं. मला कागद-पेन्सिल दिली. “मास्तर, तुम्ही फक्त लिहा. मी काय म्हणते ते एका बाजूला, ती काय म्हणते ते दुसऱ्या बाजूला.”

आधी त्या सुनेच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि दहा अक्षरं म्हणाल्या. एस, एफ, एफ, एस, असं उलटसुलट. सुनेनं दहाच्या दहा बरोबर सांगितली. मग त्या तिच्या पाठीमागे गेल्या, भिंतीपर्यंत, आणि त्याच आवाजात पुन्हा दहा अक्षरं म्हणाल्या.

“एस... एस... एफ?... एस...” सून अडखळायला लागली. “आई, जरा मोठ्यानं बोला ना.”

“तेवढ्याच मोठ्यानं बोलतेय.”

चार बरोबर आली. पुन्हा करून बघितलं, पाच आली. माझ्या हातातली पेन्सिल थांबली. वर्गातलं एकेक चित्र माझ्या डोळ्यांपुढे यायला लागलं. मी स्वतः वाचून दाखवलं की तिला सगळं यायचं, स्पीकर लावला की घसरायची. मी म्हणायचो, गोऱ्यांचे उच्चार अवघड जातात. ती नेहमी पहिल्या रांगेत बसायची आणि माझ्या तोंडाकडे एकटक बघायची. मला वाटायचं, दातांचं काम करणारी बाई आहे, लोकांच्या तोंडाकडे बघायची सवयच असणार. ती माझ्या ओठांवरून ऐकत होती.

“आमच्या जुन्या लाइनवर असंच व्हायचं,” हॅलोबाई म्हणाल्या. “सगळं ऐकू यायचं, पण एस आणि एफ सारखेच वाटायचे. बारीक आवाज तारेतून यायचेच नाहीत. म्हणून तर आम्ही प्रत्येक अक्षराला एक शब्द जोडून सांगायचो. पहिल्या दिवशी हिचा पेपर बघितला आणि मला वाटलं, हे मी कुठेतरी बघितलंय. नवीन पोरी एक्स्चेंजला लागायच्या, त्या नेमक्या अशाच चुका करायच्या. त्यांचं इंग्रजी वाईट नव्हतं, मास्तर. लाइन वाईट होती.”

सून खुर्चीत वळली. “म्हणजे मी बहिरी आहे?”

“बहिरी कुठे? बारीक आवाज तेवढे—”

“मी अडतीस वर्षांची आहे, आई! मला सगळं ऐकू येतं. तुम्ही आत्ता बोलताय ते ऐकू येतंय.”

“फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो टीं टीं करतो. ऐकलंस कधी?”

सुनेनं फ्रिजकडे बघितलं. “तो वाजतो?”

मग सुनेनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडायला लागली. मला उठून जावंसं वाटत होतं, पण जाता येईना. हॅलोबाई तिच्याजवळ गेल्या, खुर्ची ओढून समोर बसल्या, तिला तोंड दिसेल अशा.

“लग्न होऊन आलीस तेव्हापासून नाही, पण गेली पाच-सहा वर्षं मी आतून हाक मारायचे आणि तू ओ द्यायची नाहीस. मी मनात म्हणायचे, भाव खातेय. कमावती आहे ना, म्हातारीला कशाला विचारेल. दिवसदिवस अबोला धरलाय मी तुझ्याशी. तुला तरी कळलं का, का धरलाय ते?”

“मला वाटायचं, माझं काहीतरी चुकलं असेल,” सून म्हणाली. “काय ते विचारायची हिंमत नव्हती.”

“वेडी आहेस. आणि मी महावेडी.”

चहा कुणीच केला नाही. मीच शेवटी उठून केला. साखर कुठे आहे ते विचारायलाही मला धीर झाला नाही. तसाच बिनसाखरेचा तिघांनी प्यायला.

कानाच्या दवाखान्यात त्या दोघी पुढच्याच आठवड्यात जाऊन आल्या. तपासणीचा कागद तिनं वर्गात आणून मला दाखवला. त्यावर एक रेघ होती. जाड आवाजांच्या बाजूला ती सरळ चाललेली आणि बारीक आवाजांच्या बाजूला येताच कड्यावरून पडावी तशी खाली गेलेली. तपासणाऱ्या बाईनं तिला विचारलं होतं, “काम काय करता?” तिनं सांगितलं, दात घासते. घासायचं ते यंत्र कानापासून वीतभर अंतरावर, दिवसाचे सात तास, सोळा वर्षं. त्या यंत्राची शिट्टी जितकी बारीक, तितकेच बारीक आवाज ते खाऊन बसलं होतं. गेलेलं परत येणार नव्हतं. पण कानात ऐकण्याचं यंत्र लावलं की पुष्कळसं भरून निघणार होतं. लॅबच्या मालकाला तिनं तो कागद दाखवला तेव्हा तो खजील झाला आणि त्याच दिवशी त्यानं पाचही कारागिरांसाठी कानावर घालायचे, आवाज अडवणारे जाड पट्टे आणले. “सोळा वर्षांत कुणी विचारलंच नाही, सर,” ती म्हणाली. “आम्हीही नाही विचारलं.”

मी त्या दिवशी पूर्ण वर्गासमोर तिची माफी मागितली. मास्तरकी करायला लागून तीस वर्षं झाली, पण हे मला आधी कधी करावं लागलं नव्हतं. करावं लागायला हवं होतं, एवढं आता कळतं. ती संकोचली. “सर, असं नका म्हणू. तुमच्यामुळे निदान लिहिताना तरी माझा एस आता कधी सुटत नाही.”

यंत्रं लावून पहिल्यांदा वर्गात आली तो दिवस माझ्या लक्षात आहे. दारातच थांबली. खाली दुकानात कुणीतरी मशीनचं चाक फिरवत होतं, त्याचा कुरकुर आवाज तिनं ऐकला. खडूचा आवाज ऐकून दचकली. शेजारणीनं वहीचं पान उलटलं तर तिच्याकडे रागानं बघितलं. “किती गोंगाट आहे तुमच्या जगात!” ती म्हणाली. “आणि सगळे सापासारखे बोलतायत. स स स स.”

मला वाटलं होतं, आता काम फत्ते. तसं झालं नाही. पहिल्या सराव पेपरात तिला आधीपेक्षाही कमी गुण पडले. एस ऐकू येत होता, पण इतका येत होता की नव्हता तिथेही यायला लागला. एका माणसानं एक बशी मागितली तर हिनं बश्या लिहिल्या. दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं होतं, कान सुधारला तरी मेंदूला हे आवाज पुन्हा शिकावे लागतील, वेळ लागेल. परीक्षेला नऊ आठवडे होते.

ते नऊ आठवडे हॅलोबाईंनी हातात घेतले. रोज सकाळी लॅबला जाण्याआधी पाऊण तास. त्या आत, सून बाहेर, मधलं दार आधी उघडं, मग अर्धवट, मग बंद. मी शब्दांच्या जोड्या लिहून द्यायचो आणि त्या वाचायच्या. त्यांचे उच्चार जुन्या ऑपरेटरचे. प्रत्येक आकडा तोडून, जोर देऊन. मी म्हटलं, “काकू, परीक्षेत असं कुणी बोलत नाही. जरा सैल बोला.” त्यांनी प्रयत्न केला. सैल बोलायचं म्हणजे त्यांना कंटाळल्यासारखं बोलायचं वाटलं, आणि त्या एवढ्या कंटाळून बोलायला लागल्या की सुनेला हसूच आवरेना. हसता हसता तिनं बारापैकी अकरा जोड्या बरोबर लिहिल्या.

एकदा वर्ग सुटल्यावर सून औषधाच्या दुकानात गेली होती आणि त्या तिची वाट बघत माझ्याकडेच बसल्या होत्या. मी विचारू नये ते विचारलं. “ती पास झाली की जाईल. मग तुम्ही एकट्याच.”

“हो.”

“तरी एवढं करताय.”

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. “मास्तर, आमच्या कामात एक नियम होता. दोन्हीकडची माणसं बोलायला लागली की आपण लाइनवरून बाजूला व्हायचं. ऐकत बसायचं नाही.” चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “खोटं कशाला सांगू, कधी कधी ऐकायचे मी. एक बाई दर रविवारी मुलाला फोन करायची. ती बोलायची काहीच नाही, नुसतं ‘जेवलास का’ आणि मग रडायची. तिचा फोन मी कधी अर्ध्यात सोडला नाही.” मग एकदम उठून त्या खिडकीशी गेल्या आणि औषधाचं दुकान अजून उघडं आहे का ते बघत राहिल्या.

परीक्षेच्या दिवशी मीही गेलो. आम्ही आधीच अर्ज केला होता, दवाखान्याचं पत्र जोडलं होतं, आणि तिला वेगळ्या खोलीत हेडफोन लावून पेपर देण्याची परवानगी मिळाली होती. पण दाराशी उभ्या असलेल्या तरुण पर्यवेक्षकानं तिच्या कानातली यंत्रं बघितली आणि तो म्हणाला, “हे काढून ठेवा. आत कुठलंही उपकरण चालत नाही.” पत्र तिच्या पिशवीत होतं, पण पिशवी आधीच जमा झाली होती.

मी काही बोलायच्या आत हॅलोबाई पुढे झाल्या. आवाज चढवला नाही. “बाळ, तुझा चष्मा काढून ठेव बघू, आणि मग मला तिथली पाटी वाचून दाखव.” मग तशाच शांतपणे त्यांनी त्याला परवानगीच्या पत्राचा क्रमांक सांगितला. पाठ होता, सगळे अकरा आकडे. त्यानं आपल्या यादीत बघितलं, मान डोलावली, आणि चक्क सॉरी म्हणाला. सून आत गेली. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. पूर्ण वेळ त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांना गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच बघितलं.

ती बाहेर आली तेव्हा म्हणाली, “काही कळत नाही कसा गेला. पण एक जागा होती, ‘गेस्ट्स’. तिथला एस मी ऐकला. अंदाजानं लिहिला नाही. ऐकला.”

निकाल तेरा दिवसांनी लागला. ऐकण्यात सात. तिनं आधी मला फोन केला नाही, नवऱ्यालाही नाही. घरात सासू झोपली होती, तिला उठवून सांगितलं. हॅलोबाई म्हणे अंथरुणात उठून बसल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या ते, “साडेसहाच लागत होते ना? उगाच जास्तीचे आणलेस.” मग सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरून बराच वेळ तशाच बसून राहिल्या.

कागदपत्रं व्हायला चार महिने गेले. निघायच्या दिवशी सकाळी विमानतळाची बस चौकातून सुटणार होती. दोन मोठ्या बॅगा, एक छोटी, आणि छोटीत कानाच्या यंत्रांच्या बॅटऱ्यांची पाकिटं सासूबाईंनी स्वतः मोजून भरलेली. बस येईपर्यंत त्या तिला बजावत राहिल्या. तिथल्या लॅबमध्ये पहिल्या दिवशीच कानावरचे पट्टे मागायचे, नवऱ्याला रोज सकाळी गरम पाणी प्यायला लावायचं, थंडीत डोकं झाकायचं. सून सगळ्याला हो हो म्हणत होती आणि डोळे पुसत होती. बस आली तेव्हा ती वाकून सासूच्या पाया पडायला गेली. सासूनं अर्ध्यावरच तिला उचललं आणि मिठी मारली. कंडक्टरनं दोनदा घंटी वाजवली तरी दोघी सुटेनात.

बस वळणावर गेली. आम्ही दोघं परत निघालो. मी त्यांच्या चालीनं सावकाश चालत होतो. कोपऱ्यावर त्या थांबल्या.

“मास्तर, सोमवारपासून माझी वेळ कुठली?”

“कसली वेळ, काकू?”

“इंग्रजीची. मुलगा म्हणतोय, पुढच्या वर्षी ये, चार-सहा महिने राहा. मी म्हटलं बघू. पण जाऊन काय मुकी बसू? मला परीक्षा-बिरीक्षा नको. शेजारणीशी दोन गोष्टी बोलता आल्या पाहिजेत, आणि वेळ आली तर भांडताही आलं पाहिजे, एवढं शिकवा.”

“भांडायचं मी शिकवत नाही.”

“मग शिका,” त्या म्हणाल्या आणि पुढे चालायला लागल्या.

सोमवारी त्या सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. इतके वाईट विद्यार्थी मी फार थोडे बघितले असतील. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर देतात, रेकॉर्डिंगमधल्या माणसांना सल्ले देतात, आणि क्रियापदाचा भूतकाळ त्यांना काही केल्या मान्य नाही. पण रविवारी सुनेचा फोन आला की थोडं थोडं इंग्रजीत बोलतात, आणि सोमवारी येऊन ते सगळं मला जसंच्या तसं, चुकांसकट, ऐकवतात.